मुंबईला जावे की न जावे? सतराव्या शतकातील व्यापाऱ्यांचा जमाखर्च

१/
इ.स. १६७७. दीव बंदरातील नीमा पारख नावाचा एक मोठा वाणी व्यापारी मुंबई बेटावर येऊन वसण्याचा विचार करीत होता. मुंबई तेव्हा कंपनीच्या ताब्यात येऊन दहा वर्षेही झाली नव्हती. नीमा पारखने घर हलवण्यापूर्वी ईस्ट इंडिया कंपनीपुढे दहा कलमांची मागणी ठेवली. जागा, धर्म, कर्ज, कोर्टकचेरी, युद्ध, पालखी, नारळ-सुपारी, सारे काही त्या कलमांत होते. नव्या शहरात जाताना माणूस कशाला भितो आणि कशाची आशा धरतो, याचा इतका नेमका दस्तऐवज त्या काळातून क्वचितच हाती लागतो.

२/
मुंबईच्या वाढीची कथा बहुधा एका ओळीत सांगितली जाते: सुरत पडली, मुंबई उभी राहिली. पुढचे माहीत असलेल्या माणसाला हे सोपे वाटते. १६७७ साली मात्र हे कोणालाच ठाऊक नव्हते. सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते आणि मुंबई म्हणजे खाजणांनी तुटलेली सात बेटे. अशा वेळी पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडून निघावे की न निघावे, हा प्रश्न खरोखरीच अवघड होता. तो त्या माणसांच्या जागी उभे राहूनच समजून घ्यावा लागतो.

३/
प्रथम सुरत. तापीच्या मुखाजवळ वसलेल्या या शहरातून खानदेश, बुऱ्हाणपूर आणि आग्र्यापर्यंतचा माल समुद्राला मिळत असे. इराणचे आखात, तांबडा समुद्र, पूर्वेकडील बंदरे, सगळीकडे येथून गलबते जात. हज यात्रेकरू येथूनच निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांच्याही वखारी येथे होत्या. वीरजी व्होरासारख्या सावकारापुढे खुद्द इंग्रज कंपनी कर्जासाठी उभी राहत असे.

४/
परंतु व्यापाऱ्याची खरी दौलत गोदामात नसते, ती त्याच्या साखेत असते. सुरतेत लिहिलेली हुंडी आग्र्याला वटे, कारण दोन्हीकडच्या सराफांना परस्परांची घराणी ठाऊक होती. दलाल, मुनीम, जातीचे महाजन, लग्नसंबंध, देवळे, पांजरपोळ या साऱ्यांनी ती साख विणलेली होती. नाणी पेटीत भरून नेता येतात, साख तशी नेता येत नाही. नव्या शहरात पाऊल ठेवताच मोठा शेठही काही काळ अनोळखी इसम होतो. स्थलांतराच्या खर्चाची ही पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम.

५/
मग सुरत सोडण्याचा विचार मनात आलाच का? पहिले कारण १६६४ चे. त्या वर्षी जानेवारीत शिवाजी महाराजांनी मोगलांच्या या खजिन्यावर धाड घातली. स्वराज्याच्या दृष्टीने शत्रूचा धनसाठा तोडणारी ती मोहीम होती. सुरतेच्या व्यापाऱ्याला त्या चार-पाच दिवसांत निराळीच गोष्ट दिसली. ज्याला संरक्षणासाठी कर द्यायचा तो मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि शहर उघडे पडले. इंग्रज व डच यांनी मात्र आपापल्या वखारी हत्यारबंद होऊन राखल्या. तटबंदीत कोण आणि तटाबाहेर कोण, हा हिशेब व्यापाऱ्यांच्या मनात तेव्हापासून सुरू झाला.

६/
दुसरे कारण १६६९ चे, आणि ते अधिक खोलवर लागले. सुरतेच्या काजीकडून वाण्यांवर धर्मांतराची जबरदस्ती होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. त्याचा जाच चुकवण्यासाठी पैसे मोजावे लागत होते. लूट एकदा येऊन जाते, रोजच्या भीतीला मात्र मुदत नसते. अखेर वाण्यांच्या पाच प्रतिनिधींनी सुरतेतील इंग्रज प्रमुख जेराल्ड ऑंजियर याची भेट घेतली. आम्ही मुंबईला आलो तर कंपनी आम्हांला आसरा देईल काय, असा त्यांचा प्रश्न होता.

७/
कंपनीला याहून गोड प्रश्न कोणता असणार? मुंबईत माणसे आणि भांडवल आणणे हेच तर ऑंजियरचे स्वप्न. तरीही त्याने तत्काळ होकार दिला नाही. सुरतेचे व्यापारी एकगठ्ठा मुंबईला गेले असते तर औरंगजेबाचा रोष कंपनीच्या सुरतेतील वखारीवर कोसळला असता. म्हणून तूर्त दुसरीकडे जावे आणि मुंबईला हळूहळू यावे, असा सावध सल्ला त्याने दिला. निमंत्रण देणाऱ्याचेही हितसंबंध असतात, आणि अडचणीच्या वेळी ते पाहुण्याच्या आधी येतात, हा धडा वाण्यांना दारातच मिळाला.

८/
सप्टेंबर १६६९ मध्ये सुमारे आठ हजार वाणी सुरत सोडून भरूचकडे निघाले. बायकामुले मागे ठेवून पुरुष गेले. त्यांना अडवावे, असा आग्रह काजीने सुभेदाराकडे धरला. ही बादशहाची रयत आहे, ती राज्यात कोठेही जाऊ शकते, असे सांगून सुभेदाराने हात झटकले. या निर्गमनाच्या पुढाऱ्यांत भीमजी पारेख हा कंपनीचा दलाल होता. सुरतेत त्याचा परिणाम लगेच जाणवला: टांकसाळ थंडावली, जकातनाका ओस पडला, बाजारात पैसा मिळेना.

९/
तीन महिन्यांनी, डिसेंबरात, बादशहाकडून आश्वासन मिळाल्यावर ही मंडळी परत फिरली. हे स्थलांतर फसले असे म्हणता येणार नाही. ‘आम्ही जाऊ शकतो’ एवढे दाखवून देणे, हेच त्याचे सामर्थ्य होते. ज्याच्या जाण्याने राज्याचा महसूल बुडतो त्याच्या जाण्याला किंमत असते. पण परत येण्यातूनही काही दिसते. इतका छळ सोसूनही सुरतेचे पारडे जड राहिले. घरे, येणी, नाती आणि साख तेथेच होती.

१०/
पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, मराठ्यांनी सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी केली. त्यानंतर ‘मराठे आले’ अशी नुसती हूल उठली तरी दुकाने बंद होऊ लागली. प्रत्यक्ष लुटीपेक्षा या अनिश्चिततेने व्यापाराची अधिक हानी केली, कारण उधारी ही उद्याच्या भरवशावर चालते. सुरतेतील मोठ्या घराण्यांनी आता सारे धन एका शहरात ठेवण्याचा धोका ओळखला. मुंबईकडे पाहण्याची नजर इथून बदलते.

११/
आता दुसरे पारडे. मुंबई १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. राजाला ती परवडेना, म्हणून १६६८ च्या सनदेने वर्षाला दहा पौंड भाड्यावर त्याने ती कंपनीला देऊन टाकली. नारळीची वने, भातखाचरे, मिठागरे, कोळ्यांच्या वस्त्या, पोर्तुगीज काळातले मानोर हाऊस आणि अप्रतिम खोल बंदर, एवढी या बेटांची संपत्ती. १६६१ साली लोकवस्ती सुमारे दहा हजार असावी, असा अंदाज दिला जातो.

१२/
१६६९ मध्ये गव्हर्नर झालेल्या ऑंजियरने एक गोष्ट ओळखली होती: बंदर निसर्ग देतो, शहर माणसे करतात. माणसे यावीत म्हणून त्याने आश्वासनांची बाजारपेठच मांडली. जमीनमालकांशी १६७२ मध्ये करार करून जमिनीवरील हक्कांचा तंटा मिटवला. त्याच वर्षी न्यायालय सुरू केले. टांकसाळ काढली. निरनिराळ्या जातीजमातींना आपापसांतले वाद आपल्या पंचांकरवी मिटवण्याची मुभा दिली. धर्माच्या बाबतीत कंपनी हात घालणार नाही, असा भरवसा दिला. काजीच्या जाचातून गेलेल्या वाण्याला यातील शेवटचे कलम सोन्याहून मोलाचे वाटले असल्यास नवल नाही.

१३/
मात्र मुंबईचे तोटे कोणत्याही आश्वासनाने झाकता येण्याजोगे नव्हते. पहिला तोटा मृत्यू. भरतीचे पाणी बेटांमधल्या सखल भागात शिरून साचे. माडांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत, त्याची दुर्गंधी हवेत भरून राही. पावसाळा संपता संपता तापाची साथ ठरलेली. त्या काळचे वैद्यक दोष हवेला देई. आज या तापांपैकी बऱ्याच तापांमागे हिवताप असावा असे मानले जाते. या बेटावर दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, अशी म्हणच इंग्रजांत पडली होती. १६८९-९० च्या सुमारास आलेला पाद्री ऑव्हिंग्टन तिची नोंद करतो.

१४/
दुसरा तोटा बाजारपेठेचा. सुरतेला तापीचे खोरे होते, मुंबईच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे. ठाणे आणि करंजा येथे ते मुंबईच्या मालावर जकात घेत. कल्याण-भिवंडीकडचा मुलूख मराठ्यांचा. बेटावर पिकणारा तांदूळ वाढत्या वस्तीला पुरणारा नव्हता, म्हणजे शेजाऱ्याशी बिनसले की चूल अडलीच. ज्या शहरात माल विकत घेणारी माणसेच थोडी, तेथे गोदाम भरून करायचे काय? नीमा पारखच्या एका कलमाचे मूळ याच शंकेत आहे.

१५/
तिसरा तोटा सुरक्षिततेचा. मुंबई बेट असल्याने सुरतेपेक्षा निर्धोक, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात जंजिऱ्याचा सिद्दी मोगल आरमाराचा अधिकारी म्हणून पावसाळ्यात आपली जहाजे माझगावात नांगरण्याचा आग्रह धरी. त्याला नकार दिला तर औरंगजेब संतापणार, होकार दिला तर मराठे. १६७९ मध्ये मराठ्यांनी खांदेरी बेट बळकावले, सिद्दीने उंदेरी, आणि मुंबईच्या तोंडाशीच दोन प्रबळ आरमारे समोरासमोर ठाकली. किल्ला होता, पण तो लहान. शहराभोवती तट अजून व्हायचा होता.

१६/
हा सारा जमाखर्च डोळ्यांपुढे ठेवून नीमा पारखची कलमे वाचली की त्यांतील प्रत्येकात एकेक भीती दडलेली दिसते. पहिले कलम: घर व वखार बांधण्यासाठी गावात किंवा गावाजवळ बिनभाड्याची जागा. दुसरे: आपल्या घरात धर्माचरणाची पूर्ण मोकळीक. वाड्याच्या आवारात कोणी ख्रिस्ती वा मुसलमान राहू नये आणि तेथे कोणत्याही जिवाची हत्या होऊ नये. लग्नविधी आपल्या रीतीने व्हावेत, मृतांचे दहन आपल्या प्रथेप्रमाणे व्हावे. कोणालाही ख्रिस्ती होण्याची सक्ती नसावी.

१७/
यातील दहनाची अट लक्षपूर्वक पाहावी. चार महिने व्यापार करून परतणारा माणूस स्मशानाचा विचार करीत नाही. जो विचार करतो त्याला तेथे म्हातारे व्हायचे असते. १६७० च्या दशकातच मोदी हिरजी वाच्छा या पारशी गृहस्थाने मलबार टेकडीवर दखमा बांधवला. समाज वेगळा, विधी वेगळा, अर्थ तोच. एखादी जमात नव्या गावात खरोखर कधी वसली, हे तिच्या पहिल्या दुकानापेक्षा तिच्या मृतांची सोय कधी झाली यावरून अधिक खात्रीने सांगता येते.

१८/
पुढची कलमे पैशाची आणि कायद्याची. पहारा-चौकीच्या कामातून कुटुंबाला सूट. कंपनीसाठी किंवा कोणा अधिकाऱ्यासाठी सक्तीने कर्ज देण्याची पाळी येऊ नये. तंटा झाल्यास आगाऊ सूचना दिल्याशिवाय चारचौघांत अटक वा अपमान नको. जातीतला वाद जातीतच मिटवण्याची मुभा. बारा महिन्यांत विकला न गेलेला माल निर्यात-जकात न देता परत नेण्याची सवलत. कर्जदार बुडाला तर इतर वाण्यांच्या आधी आपली वसुली. हे शेवटचे कलम थोडे मिस्कीलही वाटते: जातभाईंबरोबर राहायचे, पण रांगेत त्यांच्या पुढे.

१९/
मग युद्धाचे कलम: संकट आल्यास माल, रोकड आणि कुटुंब यांच्यासाठी किल्ल्यात एक वखार. १६६४ मध्ये सुरतेत कोण आत होते आणि कोण बाहेर, याची आठवण या एका ओळीत आहे. त्यानंतर मानमरातब: गव्हर्नरकडे जाण्यायेण्याची मोकळीक, तेथे दर्जाप्रमाणे बसायला मिळावे, घोडा, पालखी व छत्री वापरता यावी, नोकरांना तलवार-खंजीर बाळगता यावेत. आज ही हौस वाटेल. परंतु ज्याची साख मागे राहिली आहे त्याला ती नव्या गावात लोकांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभी करावी लागते. गव्हर्नरसमोर बसलेला माणूस दिसला की बाजार त्याला उधार देतो.

२०/
मार्च १६७७ मध्ये ही मागणी मुंबईहून सुरतेच्या वरिष्ठांकडे गेली आणि एप्रिलच्या आरंभी अनुकूल उत्तर आले. बहुतेक कलमांना कंपनीला काही खर्च येणार नव्हता, आणि त्यांतील कित्येक गोष्टी बेटावरच्या इतरांना आधीच मिळत होत्या. त्या उत्तरानंतर अडीच-तीन महिन्यांतच, जून १६७७ च्या अखेरीस, ऑंजियर मरण पावला. ज्याने साऱ्या किनाऱ्याला मुंबईचे निमंत्रण धाडले, त्याला मरण आले ते सुरतेत. त्याचेही अर्धे बिऱ्हाड जुन्या शहरातच होते.

२१/
‘अर्धे बिऱ्हाड’ हीच त्या पिढीची खरी रीत. मोठी घराणी सुरतेला कुलूप लावून निघाली नाहीत. मूळ पेढी तेथे ठेवायची, धाकटा भाऊ किंवा मुनीम मुंबईला पाठवायचा, दोन-चार हंगाम पाहायचे. भीमजी पारेखचेच पाहा. सुरतेतून तो कंपनीची दलाली करीत राहिला. त्याच्याच खटपटीने कंपनीने छपाईचे यंत्र आणि हेन्री हिल्स हा छपाईगार १६७४ मध्ये मुंबईला पाठवला. देशी अक्षरांचे खिळे पाडणे हिल्सला जमले नाही, तो प्रयत्न तसाच विरला. पण नव्या शहरात पैसा घालणे आणि तेथे जाऊन राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भीमजीला कळत होते.

२२/
ही सावधगिरी योग्य होती, हे पुढच्या वीस वर्षांनी सिद्ध केले. १६७० च्या दशकात फ्रायर हा इंग्रज प्रवासी मुंबईची वस्ती साठ हजार सांगतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मोठे सैन्य घेऊन शिवडीला उतरला. माझगाव, माहीम गेले, किल्ल्याला वेढा पडला. जून १६९० मध्ये, कंपनीने औरंगजेबाची क्षमा मागून दीड लाख रुपये दंड भरल्यावर, तो माघारी गेला. त्यामागोमाग साथी आल्या. १७१८ च्या सुमारास पाद्री कॉब वस्तीचा आकडा सोळा हजार देतो. हे सारे आकडे अंदाजी आहेत, तरी ओहोटी केवढी होती ते त्यांतून समजते.

२३/
लेखी शर्तींचे मोल पुढच्या पिढीत एका निराळ्या प्रसंगाने कळून आले. रामा कामती हा मुंबईतील शेणवी समाजाचा धनाढ्य पुढारी. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ च्या सुमारास त्याने पुन्हा उभारले. भंडारी शिपायांच्या तुकड्यांसह त्याने कंपनीची चाकरी केली. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले त्या समारंभाला तो आपल्या जातीच्या मंडळींसह हजर होता. त्याच्याइतका मुंबईकर शोधून सापडला नसता.

२४/
१७२० मध्ये याच माणसावर कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. खटला चालला, तो दोषी ठरला, मालमत्ता जप्त झाली. १७२८ मध्ये तो कैदेतच वारला. ज्या पत्रांच्या आधाराने हे घडले ती बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. आगाऊ सूचनेशिवाय अटक नको, असे नीमा पारख का म्हणत होता, याचे उत्तर येथे मिळते. नव्या शहराचा कायदा काजीच्या लहरीपेक्षा वेगळा होता खरा, परंतु तोही शेवटी राज्यकर्त्याच्या हातातला कायदा होता. आरोप करणारी कंपनी, न्याय देणारी कंपनी आणि जप्तीचा धनीही कंपनीच.

२५/
पारडे निर्णायकपणे फिरले ते अठराव्या शतकात. १७२२ मध्ये इराणची सफवी सत्ता कोसळली, मोगल दरबार खिळखिळा झाला, गुजरातच्या वाटा असुरक्षित झाल्या आणि सुरतेचा सागरी व्यापार आटत गेला. १७३६ मध्ये सुरतेच्या गोदीतील लवजी नसरवानजी वाडिया हा कारागीर काही सुतारांसह मुंबईला आला. सुरतेतील धन्याचे काम अर्धवट टाकून येण्यास त्याने आरंभी नकार दिला होता, असे सांगतात. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी उभी राहिली आणि पुढे त्याच्या वंशजांनी ब्रिटिश आरमारासाठी युद्धनौका बांधल्या. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईला आलेला प्रवासी नीबूर येथील वस्ती एक लाख चाळीस हजार सांगतो.

२६/
म्हणजे पहिल्या हाकेपासून शहर भरभराटीला येईपर्यंत तीन पिढ्या गेल्या. मुंबईचा फायदा खरा होता, पण तो मिळाला नातवंडांना. किंमत मोजली आजोबांनी: तापाने, वेढ्याने, तुटलेल्या साखेने. शहरांच्या इतिहासात हे वारंवार दिसते. स्थलांतराचा लाभ आणि त्याचा खर्च एकाच माणसाच्या खात्यावर पडत नाहीत. ‘मुंबईला येणे शहाणपणाचे होते काय?’ या प्रश्नाला १६७७ साली एक उत्तर होते आणि १७७७ साली दुसरे, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती.

२७/
एक गोष्ट उरते. नीमा पारखच्या दुसऱ्या कलमात, धर्माच्या अटींना जोडूनच, एक छोटी मागणी आहे: आपल्या लोकांपैकी कोणाकडूनही इच्छेविरुद्ध ओझी वाहून घेतली जाऊ नयेत. अशी अट घालावी लागते तेव्हा वेठ ही ओळखीची गोष्ट असते. तिसऱ्या कलमात पहाऱ्यातून सूट मागितली आहे, म्हणजे पहारा कोणाला तरी करावाच लागत होता. शेठजींना सूट मिळाल्याने ना किल्ल्याचा दगड हलका झाला, ना रात्रीचा पहारा चुकला. ते काम दुसऱ्यांच्या अंगावर गेले.

२८/
ते दुसरे कोण? गलबतांवरून माल उतरवणारे, तटाचे चिरे वाहणारे, विणकर, भंडारी, कोळी, कुणबी. साठ हजारांतून सोळा हजारांवर जी वस्ती आली, त्या ओहोटीत वाहून गेलेल्यांत बहुसंख्य अशीच माणसे असणार. तीही कोठून तरी, कसल्या तरी आशेने किंवा भुकेने आली होती. त्यांनीही काही फायदे-तोटे तोलले असतील. परंतु त्यांच्या जाण्याने कोणाची टांकसाळ थंडावत नव्हती, म्हणून त्यांच्या अटी कोणी विचारल्या नाहीत.

२९/
म्हणून नव्या शहरात जाण्याचे फायदे कोणते आणि तोटे कोणते, या प्रश्नाच्या आधी इतिहास आणखी एक प्रश्न विचारायला लावतो: जाणाऱ्याच्या हाती अटी घालण्याचे बळ होते काय? ज्याच्याकडे ते होते त्याने किल्ल्यात वखार मागितली, आवारात शांतता मागितली, गव्हर्नरसमोर आसन मागितले. ज्याच्याकडे नव्हते त्याला शहर जसे होते तसे घ्यावे लागले, त्याच्या तापासकट आणि ओझ्यासकट. मुंबई या दोघांनी मिळून उभारली. दहा कलमे मात्र एकाचीच कागदावर उरली.